लॉर्डसाहेबांच्या वहीवरची हळद

"पूर्वा, कागदावरची हळद निघते का गं?"

सोमवारी सकाळी अकराला सुलभाताईंचा फोन आला. मी भांडी घासत होते. मला वाटलं, पाककृतीच्या वहीवर काही सांडलं असेल.

"कुठल्या कागदावरची?"

हळू आवाजात त्या म्हणाल्या, "म्हाताऱ्याच्या."

मी नळ बंद केला.

म्हातारा म्हणजे लॉर्ड किलव्हारा. आयर्लंडमधल्या आमच्या कासलबारपासून गाडीने वीस मिनिटांवर त्यांचं जुनं घर आहे. ते लेखक होते. त्यांना जाऊन सत्तरहून जास्त वर्षं झाली, पण सुलभाताई त्यांच्याबद्दल शेजारच्या खोलीत डुलकी घेत असलेल्या माणसासारखं बोलतात. त्या घराच्या ग्रंथालयात त्या तीन वर्षांपासून काम करतात. पुस्तकं बांधतात, कागद लावतात, पेट्या करतात. ऑगस्टपासून मीही मदतीला जाते.

"लगेच घ्यायला येते तुला," त्या म्हणाल्या. "राजीवला अजून सांगितलेलं नाही." राजीव म्हणजे त्यांचे यजमान.

गाडीत त्यांनी सगळं सांगितलं. यंदा दसरा गुरुवारी आला. त्या दिवशी एका नर्सिंग होममध्ये माझी मुलाखत होती, म्हणून त्या एकट्याच गेल्या होत्या. पुढच्या गुरुवारी डब्लिनहून एक माणूस येणार होता. तिथे बॉल्सब्रिज भागात एक संस्था आहे. लॉर्डसाहेबांची हस्तलिखितं तिथे ठेवायची की नाही, ते तो ठरवणार होता. ठरलं तर हस्तलिखितं घरातून कायमची जाणार होती. त्यांतलं सगळ्यांत मोलाचं म्हणजे शेवटचं, अपुरं पुस्तक. सात वह्या. सुलभाताईंनी त्यांच्यासाठी कापड लावलेली पुठ्ठ्याची पेटी केली होती. प्रत्येक वहीला पातळ कागदाचं वेष्टन घातलं होतं. पेटी बंद करायच्या आधी त्यांनी पर्समधून डबी काढली आणि पहिल्या वहीच्या वेष्टनावर हळदकुंकू लावलं.

"कोरडं?"

"ओलं."

"ताई!"

"कोरडं गळतं गं. आमच्या दुकानात ओलंच लावायचे. शिवलेलं पुस्तक पूजेशिवाय दाराबाहेर जात नसे." गाडी त्यांनी तिसऱ्याच गिअरमध्ये ठेवली होती. इंजिन कुरकुरत होतं. "पण आमच्याकडे वर पुठ्ठा असायचा. जाड. हे डोक्यातच आलं नाही."

आज यादी ठेवायला त्यांनी पेटी उघडली. वेष्टनातून ओल खाली उतरली होती.

*

सुलभाताई इचलकरंजीच्या. घराखालीच वडिलांचं बाइंडिंगचं दुकान होतं. शाळेच्या वह्या, वाचनालयाची फाटलेली पुस्तकं. दहाव्या वर्षी त्यांना जुजबंदी यायची, म्हणजे घडी घातलेले कागद दोऱ्याने एकमेकांना शिवणं. बारावीनंतर शिक्षण थांबलं, कारण दुकानात हात कमी पडत होते. हे त्या तक्रारीच्या सुरात सांगत नाहीत. मेडिकलला असलेले राजीव नोट्स बांधून घ्यायला यायचे. एकच वही त्यांनी तीनदा उसवून आणली. तिसऱ्या वेळी वडिलांना कळलं.

बारा वर्षांपूर्वी राजीवना कासलबारच्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि सुलभाताई त्यांच्याबरोबर आल्या. पाळणाघरात मदत केली. दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेतल्या. आपल्या लोकांत त्यांची ओळख एकच होती, डॉक्टरांची मिसेस. लेक अस्मिता इथे वाढली. ती मराठी ऐकते आणि इथल्या मेयो जिल्ह्याच्या इंग्रजीत उत्तर देते. घरात दिवसभर आपण एकट्याच आपल्याशी मराठी बोलतो, असं त्या एकदा मला म्हणाल्या होत्या.

मग एक म्हातारी बाई मनगट मोडून राजीवकडे आली. मिस हॉनर. लॉर्डसाहेबांची नात, वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. दोन कुत्री आणि बावीस खोल्या. त्यांतल्या दोनच खोल्या गरम ठेवायची. प्लास्टर घालून घेताना ती म्हणाली, पुस्तकांचे कणे माझ्या मनगटापेक्षा वाईट मोडलेत. राजीव म्हणाले, माझी बायको ते जोडते.

सुलभाताई गेल्या. मिस हॉनरने एक फाटकं पुस्तक पुढे केलं. सुलभाताईंनी ते उघडलं नाही. कण्याला नाक लावलं आणि म्हणाल्या, "ह्याला कोणीतरी स्वयंपाकघरातल्या पिठाची खळ लावली आहे. उंदरांची सोय केली."

"माझ्या आईने," मिस हॉनर म्हणाली. "गुरुवारी येता येईल?"

त्या घरात त्यांना कोणी मिसेस म्हणत नाही. 'सुलाबा' म्हणतात. चुकीचं आहे, पण ते फक्त त्यांचं आहे. हे काम गेलं तर या देशात स्वतःचं असं त्यांच्याकडे काही उरणार नव्हतं. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. मी ते दर खेपेला बघत होते.

*

मी इंग्रजी साहित्यात एम. ए. केलं आहे. लॉर्ड किलव्हारा हे नाव मी त्या घरात जाईपर्यंत ऐकलं नव्हतं. त्यांचं मला जे माहीत आहे ते सुलभाताईंकडून.

त्यांचं नाव ऑगस्टस. जन्म १८७९. इंग्लंडमधल्या शाळेत घातलं, ती त्यांना कधी आवडली नाही. पहिल्या महायुद्धात डावा कान गेला. परत आले आणि लिहू लागले. घरात मोठी अभ्यासिका होती, पण ते लिहायचे गळ आणि बूट ठेवायच्या खोलीत, उभ्याने, जांभळ्या शाईने. अकरा पुस्तकं झाली. काही वर्षं लंडनला नाव होतं. मग विसरले गेले. इंग्रजांना ते फार आयरिश वाटायचे आणि इथल्या लोकांना फार लॉर्ड. वारले तेव्हा वर्तमानपत्राने आधी त्यांनी पकडलेल्या माशांबद्दल लिहिलं, नंतर पुस्तकांबद्दल.

सुलभाताईंनी अकराही वाचली आहेत. फोनवर शब्दकोश उघडा ठेवून, एकेक पान. "पानं क्रमाने आहेत का, हे वाचल्याशिवाय कसं कळणार?" असं त्यांचं म्हणणं.

त्यांची आवडती गोष्ट एका विहिरीच्या देवाची. छोटा देव. त्याची सगळी माणसं जहाजाने अमेरिकेला जातात. देव एकटा पडतो. शेवटी तो चालत बंदरावर जातो आणि हमाल होतो. ओझी उचलतो आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारतो, आमच्यातलं कोणी परत आलं का?

मी म्हणाले होते, "छान आहे. अद्भुत कथा."

"अद्भुत कसली?" त्यांनी जुना नकाशा उलगडला. घरामागे चार शेतं सोडून त्या विहिरीचं नाव होतं, गोष्टीतलंच. भोवती बारीक चौकोन होते, घरांचे. पुढच्या नकाशात चौकोन नव्हते. "माणसं गेली कुठे, ते सांगितलंय. घालवली कोणी, ते नाही सांगितलं. आजोबांनीच घालवली ह्याच्या. त्यांना गुरं चारायला कुरणं हवी होती."

मी नकाशाकडे बघत राहिले. पाच वर्षं मी गोष्टीत काय लपलंय ते शोधायला शिकले होते. नकाशा मागवून बघायला मला सुचलं नसतं.

शेवटच्या पुस्तकाचं नाव 'अर्धा तास'. १९२३ साली यादवी युद्धात काही लोक रात्री घर जाळायला आले. सामान बाहेर काढायला लॉर्डसाहेबांना त्यांनी अर्धा तास दिला. लॉर्डसाहेबांनी स्वयंपाकिणीची ट्रंक बाहेर आणली आणि तिचा पक्ष्याचा पिंजरा. पूर्वेची बाजू पूर्ण जळाली. म्हातारपणी ते या पुस्तकाला बसले. त्यातला म्हातारा रोज मनाने त्या घरात शिरतो आणि राहिलेली एकेक वस्तू बाहेर काढतो. अर्ध्यावर आले असताना त्यांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला. पुढच्या तीन वह्या डाव्या हाताने. ते अक्षर कोणालाच लागत नव्हतं. अनेकांनी प्रयत्न करून सोडून दिला. मिस हॉनरनेही.

आणि याच पुस्तकाच्या पहिल्या पानावर हळद होती.

*

मोठ्या खिडकीजवळच्या टेबलावर सुलभाताईंनी वही उघडली. हरभऱ्याएवढा पिवळा डाग. मधोमध मसुराएवढा लाल. नावाच्या खाली आणि सहीच्या अगदी लगत. सहीचं शेवटचं अक्षर खाली वळलं होतं, त्याचं टोक पिवळ्यात बुडालं होतं.

"फार मोठा नाही," मी म्हणाले.

"खोटं बोलू नको."

"बरं. मोठा आहे."

पाणी लावलं तर शाई पसरेल. लिंबू तर नाहीच. रबराने कागद सोलवटेल. त्या एकेक बोट दुमडत गेल्या. मी म्हणाले, पहिलं पान मागे सरकवलं तर? यादीत 'पहिलं पान सुटं' असं लिहिलं तर? त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं.

"ऊन," त्या म्हणाल्या.

"काय?"

"साडीवरची हळद उन्हात उडते. कडक ऊन मिळालं तर दोन तासांत."

आम्ही दोघींनी खिडकीबाहेर बघितलं. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. मेयो. समोरचं तळं दिसतच नव्हतं. फोनवर अंदाज बघितला. सोमवारी पाऊस. मंगळवारी पाऊस. बुधवारी ढगाआडून डोकावणारा अर्धा सूर्य, दुपारी दोन ते तीन.

"नाशिकला आज छत्तीस आहे," मी म्हणाले. माझ्या फोनवर अजून माहेरचं तापमान दिसतं.

"कुरिअर करू का मग?" त्या म्हणाल्या. आम्ही दोघी हसलो आणि लगेच थांबलो, कारण जिन्यावर काठी वाजली.

मिस हॉनर दारात उभी होती. "आज जास्त वेळ थांबताय?"

"उद्या आणि परवाही येईन म्हणते," सुलभाताई म्हणाल्या. "तयारी राहिली आहे."

"तुम्ही फार घेता अंगावर, सुलाबा." तिचा आवाज मऊ होता. सुलभाताईंचा तळहात वहीवर पालथा होता. मिस हॉनर गेल्यावरही तो बराच वेळ तसाच होता.

त्या रात्री त्यांनी राजीवना सांगितलं. मी आणि रूपेश जेवायला तिथेच होतो. रूपेश माझा नवरा, त्याच हॉस्पिटलात ज्युनियर आहे.

"अगं, जुन्या कागदावर पिवळेच डाग असतात," राजीव म्हणाले. "कोण बघतंय?"

"मधे लाल आहे."

"मग चहा म्हणून सांग. आयरिश लोक चहाला काही बोलत नाहीत."

"राजीव!"

"बरं, गंभीरपणे सांगतो. तू सांगितलंस तर तुझं जाईल. नाही सांगितलंस तर कदाचित जाणार नाही. एवढाच हिशेब आहे."

"यू'ल बी ग्रँड, मॅम," अस्मिता ताटातून मान वर न करता म्हणाली. इथे आईला 'मॅम' म्हणतात, आणि 'ग्रँड' म्हणजे ठीक.

आमटी वाढताना सुलभाताईंनी हळदीचा डबा कपाटात सर्वांत मागे सरकवला.

*

मंगळवार नुसता पावसात गेला. आम्ही याद्या केल्या, त्या आधीच झालेल्या होत्या. दर दहा मिनिटांनी सुलभाताई पेटी उघडायच्या, बघायच्या, बंद करायच्या. दुपारी त्या म्हणाल्या, "कमी झालाय का गं?" मी हो म्हणाले. त्या म्हणाल्या, "मग तुझे डोळे तपासून घे."

बुधवारी दोन वाजून दहा मिनिटांनी ऊन आलं.

सुलभाताई तयार होत्या. काळ्या पुठ्ठ्यात त्यांनी डागाएवढं भोक कापलं होतं, बाकी पान झाकलं जावं म्हणून. वही खिडकीत ठेवली. भोकातून ऊन बरोबर हळदीवर पडलं. आम्ही दोन्ही बाजूंना उभ्या राहिलो. मी फोनवर मिनिटं बघत होते.

अकराव्या मिनिटाला त्यांनी पुठ्ठा उचलला.

"अहो, राहू द्या ना. ढग येतोय तिकडून."

"शेपटी उन्हात आहे."

"कसली शेपटी?"

"सहीची. जांभळी शाई उन्हाला टिकत नाही. शाळेच्या वह्यांवर बघितलंय मी." त्या पानावर वाकल्या. "फिकी झाली का?"

मला काही फरक दिसत नव्हता. हळदीतही नाही आणि सहीतही नाही. मी तसं म्हणाले.

"तुला दिसत नाही म्हणजे झाली नाही असं नाही." त्यांनी वही उन्हातून आत ओढली. "हळद उडेल तोवर ह्याचं नाव उडेल. माझा डाग काढायला मी ह्याचं नाव पुसू?"

तेवढ्यात दार ढकललं गेलं. मिस हॉनर चहाचा ट्रे घेऊन आली होती. काठी काखेत. सुलभाताईंनी पुठ्ठा पानावर टाकला.

"ऊन!" मिस हॉनर म्हणाली. "ऊन आलं की माझे आजोबा वाक्य अर्धं सोडून मासे धरायला जायचे. चहा घ्या. तुम्ही दोघी अशा का उभ्या आहात?"

"पाय मोकळे करतोय," मी म्हणाले.

ती गेली. चहा निवला. सुलभाताई खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "तीन दिवस ती मला चांगलं म्हणतेय. मला ऐकवत नाही आता. उद्या सांगते."

"आत्ताच सांगा ना मग."

"आत्ता धीर नाही. उद्या तो माणूस समोर असेल, मग मागे फिरता येणार नाही."

बाहेर पुन्हा पाऊस सुरू झाला होता.

*

गुरुवारी डब्लिनचा माणूस, डेक्लन, पांढऱ्या व्हॅनमधून आला. चाळिशीचा, लाल दाढी, स्वेटरला कोपरावर ठिगळ. बोलायला चांगला होता. कुत्र्यांना त्याने नावं विचारली. पेटी बघून म्हणाला, "ही कोणी केली? आमच्याकडेसुद्धा इतकी नीट होत नाही." मिस हॉनरने अभिमानाने सुलभाताईंकडे बोट दाखवलं.

आता तर सांगणं आणखी अवघड.

डेक्लनने पेटीच्या झाकणाला हात लावला.

"थांबा," सुलभाताई म्हणाल्या. "उघडायच्या आधी मला काही सांगायचं आहे. आतल्या पहिल्या पानावर डाग आहे. तो मी पाडला. गेल्या गुरुवारी."

त्यांचं इंग्रजी एरवी हळू असतं. त्या दिवशी एकही शब्द अडला नाही. दसरा, दुकान, वेष्टन, ओलं बोट. सोमवारी दिसला. तीन दिवस लपवला. काल उन्हात ठेवला अकरा मिनिटं. तेही सांगितलं. ते कोणाला कधी कळलं नसतं. मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

डेक्लनने पान उघडलं. भिंग काढलं. त्याचा चेहरा बदलला होता, ओरडला मात्र नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो सरळ आवाजात विचारत गेला. पूड कुठली? त्यात काय असतं? पाणी किती? खिडकी कुठली?

मिस हॉनर काठीवर दोन्ही हात ठेवून बसली होती.

"हे कोणासाठी केलंत?" तिने मधेच विचारलं. "आजोबांसाठी?"

"नाही," सुलभाताई म्हणाल्या. "वहीसाठी. ती घरातून जाणार होती."

मिस हॉनरने मान वळवली आणि खिडकीबाहेर बघू लागली. त्यात राग होता की काय, मला समजलं नाही.

"हे नोंदवावं लागेल," डेक्लन म्हणाला. "पेटीत कायम राहील तो कागद. पुढे जो कोणी हस्तलिखित बघेल त्याला कळायला हवं, हा डाग कशाचा आणि कोणी केला. मी मजकूर लिहितो, तुम्ही सही करा."

"मीच लिहिते."

"दोन ओळी पुरतील."

मी हळूच मराठीत म्हणाले, "ताई, मी लिहून देऊ?" त्यांनी मान हलवली. पेन्सिल घेतली. हस्तलिखितांच्या खोलीत शाई चालत नाही. त्या लिहायला बसल्या. वीस मिनिटं लागली. डेक्लन दोनदा उठून घड्याळाकडे बघून आला. कुत्री झोपली.

कागद पाऊण पान भरला. डेक्लन वाचू लागला आणि शेवटी थांबला.

"'हे पुस्तक मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं आहे.' याची इथे गरज नाही."

"राहू द्या."

"पूर्ण?" त्याने वर बघितलं. "डाव्या हाताच्या वह्या?"

"हो."

"त्या कोणाला लागत नाहीत."

"मला वेळ होता," सुलभाताई म्हणाल्या. "कधीकधी आठवड्याला एक ओळ."

त्याने सातवी वही काढली, शेवटचं पान उघडलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं. त्यात परीक्षा होती, हे आम्हां सगळ्यांना कळलं. पानावर कोंबडीने माती उकरावी तशा रेघा होत्या. सुलभाताईंनी बोट न लावता वाचलं.

"'वरच्या मजल्यावरचं शेवटचं दार मी उघडलं. पलंग होता. खिडकीत निळा पेला होता. इथे कोण झोपायचं, ते मला आठवेना. मी कधी विचारलंच नव्हतं. मी खाली वाकून'... इथे संपतं."

सातव्या वहीपर्यंत त्या पोचल्या आहेत, हे मलाही माहीत नव्हतं. त्यांनी ते कोणाला सांगितलंच नव्हतं.

"ब्रिडी," मिस हॉनर म्हणाली. "वरच्या कामाची मुलगी. आग लागल्यावर बॉस्टनला गेली. माझी आजी सांगायची." ती सुलभाताईंकडे वळली. "तुम्ही मला आधी का नाही वाचून दाखवलं?"

"दोन ठिकाणी शब्द नक्की नव्हते. नक्की झाल्यावर सांगणार होते."

डेक्लनने वही मिटली. मग त्याने निर्णय सांगितला. संस्था हस्तलिखितं घेईल. डागासकट. डाग ते आता काढणार नाहीत. वह्या आजच व्हॅनमधून जातील. सुलभाताईंना यापुढे त्यांना हात लावता येणार नाही. वाचायचं असेल तर डब्लिनला यावं लागेल, वेळ ठरवून, पर्यवेक्षकासमोर, पान दुसऱ्याने उलटायचं. "वाईट वाटून घेऊ नका. नियम आहे." थोडं थांबून म्हणाला, "डाव्या हाताच्या वह्यांची नक्कल करून द्याल का? छायाचित्रांवरून. मूळ कागदांना हात लावावा लागणार नाही."

"बघते," सुलभाताई म्हणाल्या. त्या वह्यांकडे बघत होत्या.

त्याने पेट्या उचलल्या. आम्ही दारापर्यंत गेलो. पाऊस होता, म्हणून त्याने पेटीवर प्लास्टिक घातलं. सुलभाताई म्हणाल्या, एक घडी आणखी घाला. त्याने घातली.

व्हॅन गेल्यावर मिस हॉनर दारात थांबली. मला वाटलं, आता ती काम बंद म्हणून सांगेल. सुलभाताईंनाही तेच वाटलं. त्यांनी पर्सचा पट्टा दोन्ही हातांनी धरला होता.

"तुम्ही मला सोमवारी सांगायला हवं होतं," मिस हॉनर म्हणाली.

"हो."

"तीन दिवस मी तुम्हाला चहा आणून दिला."

"हो."

"छापील पुस्तकं त्या संस्थेची नाहीत. माझी आहेत. अडीच हजार." तिने काठी उंबऱ्यावर आपटली. "पण यापुढे तुम्ही काम करताना मी खोलीत बसेन. मला वेळ आहे. गुरुवारी साडेदहाला."

तिने दार लावलं. निरोप घेतला नाही.

आम्ही गाडीत बसलो. वायपर फिरत होते. काम राहिलं होतं, विश्वास राहिला होता की नाही हे मला सांगता येत नव्हतं. सुलभाताईंच्या चेहऱ्यावर हलकं वाटल्याचं काही नव्हतं. राजीवचा फोन वाजला, त्यांनी उचलला नाही. गावाच्या पाटीजवळ त्यांनी अचानक गाडी कडेला घेतली.

"पूर्वा, दुसरं पान आपण बघितलं होतं ना? त्याच्यावर तर उतरलं नाही?"

"बघितलं. स्वच्छ होतं."

"आणि पहिलं, मागून?"

मी आठवायचा प्रयत्न केला. समोरून बघितलेलं आठवत होतं. मागून बघितलं की नाही, ते आठवेना.

"ताई, डेक्लनने भिंगाने बघितलं सगळं."

"त्याने पहिल्या पानाची पुढचीच बाजू बघितली. मग बोलत बसला." त्यांनी पर्समधून त्याचं कार्ड काढलं. फोन हातात घेतला. नंबर दाबताना त्यांचं बोट दोनदा चुकलं. पलीकडे घंटी वाजू लागली, आणि त्या काचेवरच्या पावसाकडे बघत, पाठ ताठ करून, तो उचलायची वाट बघत राहिल्या.